प्राण्याचं नाव आणि प्राण्याची जागा: खोल समुद्रातल्या ब्रॅकिओपॉडची गोष्ट

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीतून आलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थंड झालेला. पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर काय, अंजनेरी काय, ब्रह्मगिरी काय, सगळा हाच बेसॉल्ट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या दगडाच्या पोकळ्यांत तयार झालेली देखणी खनिजं पाहायला मिळतात, पण समुद्री प्राण्याचा जीवाश्म आपल्या डोंगरांत मिळत नाही. त्यामुळे ब्रॅकिओपॉड या शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचं नाव नाशिकच्या मुलांच्या कानावर पडतं ते बहुधा थेट बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला लिंग्युला नावाचा ब्रॅकिओपॉड, त्याचा संघ, त्याचा वर्ग, त्याची आकृती. वहीत उतरवायचं आणि पुढच्या नमुन्याकडे सरकायचं.

हे संघ-वर्ग कुणी ठरवले, कशावरून ठरवले, आणि प्राण्याला नाव कुणी दिलं, हे प्रश्न त्या तासाला निघत नाहीत. ते निघायला हवेत असं मला मनापासून वाटतं. कारण प्राण्याला नाव देणं आणि त्याचं वर्गीकरण करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं नियमाने चालतं, दुसरं पुराव्याने आणि मताने. वर्तमानपत्रात ‘नवी जात सापडली’ अशी बातमी वाचताना आपण दोन्ही एकच समजतो आणि मग ‘शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात’ अशी तक्रारही करतो. नावं का बदलतात, कधी बदलत नाहीत, हे समजायला खोल समुद्रातल्या ब्रॅकिओपॉडइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

दिसतो शिंपल्यासारखा, पण

घरी तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आणल्या असतील तर एक अख्खं शिंपलं हातात घ्या. त्याची दोन झाकणं एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटतात. आता एकच झाकण वेगळं करून पाहा. त्या एका झाकणाचे दोन भाग सारखे नसतात. बिजागरीजवळचं टोक एका अंगाला झुकलेलं असतं. तिसरीची झाकणं तिच्या डाव्या आणि उजव्या कुशीला असतात, म्हणून हे असं.

ब्रॅकिओपॉडमध्ये एक झाकण पोटाकडचं असतं आणि एक पाठीकडचं. त्यामुळे दोन झाकणं एकमेकांसारखी नसतात, बहुतेकदा पोटाकडचं मोठं असतं. पण कुठलंही एक झाकण घेऊन मधोमध रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू जुळते. (कालवं आणि काही शिंपले तिसरीच्या नियमात नीट बसत नाहीत, म्हणून एवढ्या एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो.)

खरा फरक आत आहे. झाकणं उघडली की बरीचशी जागा लोफोफोर नावाच्या अवयवाने व्यापलेली दिसते: स्पर्शकांची झालर असलेले, वळवलेले दोन बाहू. स्पर्शकांवरचे सूक्ष्म केस हलत राहतात, पाणी आत ओढलं जातं आणि त्यातले अन्नकण तोंडाकडे सरकतात. अनेक जातींत पोटाकडच्या झाकणाच्या टोकाला छिद्र असतं, त्यातून एक देठ बाहेर येतो आणि त्या देठाने प्राणी दगडाला, मेलेल्या प्रवाळाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला धरून बसतो. एकदा बसला की जन्मभर तिथेच.

बाहेरचं रूप फसवं असल्यामुळे सुरुवातीची वर्गीकरणं चुकली यात नवल नाही. स्वीडिश निसर्गअभ्यासक कार्ल लिनियस यांनी १७५८ साली काही ब्रॅकिओपॉड अॅनोमिया या प्रजातीत, म्हणजे शिंपल्यांत घातले. (वर्तमानपत्रांत जातीलाही ‘प्रजाती’ म्हणतात, मी पाठ्यपुस्तकांप्रमाणे जाती आणि तिच्या वरची पायरी प्रजाती असंच लिहितो आहे.) डॅनिश निसर्गअभ्यासक ओ. एफ. म्युलर यांना १७७६ साली खडकाला घट्ट चिकटलेला एक ब्रॅकिओपॉड मिळाला, तो त्यांनी पटेला या खडकावरच्या गोगलगाईंच्या प्रजातीत टाकला. पुढे पुष्कळ काळ अख्खा समूह मृदुकाय प्राण्यांचा, म्हणजे शिंपले-गोगलगाईंच्या संघाचा, भाग मानला जात होता. आज ब्रॅकिओपोडा हा स्वतंत्र संघ आहे. डीएनएच्या अभ्यासातून १९९५ नंतर स्पष्ट झालं की मृदुकाय आणि वलयांकित कृमी यांच्याशी त्याचं दूरचं नातं खरंच आहे, पण त्याचे जवळचे नातेवाईक फोरोनिड नावाचे नळीत राहणारे समुद्री कृमी आहेत.

आज जिवंत जाती सुमारे ४००. जीवाश्मांवरून ओळखलेल्या जाती मात्र १२,००० पेक्षा जास्त. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा संहार झाला आणि या संघाचं कंबरडं मोडलं. त्याआधी उथळ समुद्राच्या तळावर यांचंच राज्य होतं. म्हणून ब्रॅकिओपॉडचे बहुसंख्य अभ्यासक भूशास्त्राकडून आलेले आहेत, आणि जिवंत जातींच्या वर्गीकरणावरही त्या दगडातल्या नात्यागोत्यांची छाप आहे.

चॅलेंजरच्या जाळ्यात

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश निसर्गअभ्यासक एडवर्ड फोर्ब्स यांचं मत चलनात होतं: साधारण ५५० मीटरच्या खाली समुद्रात जीव नाही. खोल पाण्यातून प्राणी येऊ लागले तसं ते मत ढासळत गेलं, आणि १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या एचएमएस चॅलेंजर या जहाजाने ते कायमचं मोडीत काढलं. जहाजावर शास्त्रज्ञांचे प्रमुख चार्ल्स वायव्हिल थॉमसन, त्यांचे सहकारी जॉन मरे. दोरखंडाला बांधलेली जाळी हजारो मीटर खाली सोडायची, तळावरून ओढायची आणि वर आलेला चिखल चाळत बसायचं, असं ते काम.

चाळणीत आलेले ब्रॅकिओपॉड थॉमस डेव्हिडसन यांच्याकडे गेले. हयातभर हाच संघ अभ्यासलेला माणूस. त्यांनी १८७८ साली नव्या जातींची पहिली वर्णनं दिली आणि १८८० साली मोहिमेचा सविस्तर अहवाल लिहिला. एका जातीला वायव्हिल थॉमसन यांचं नाव मिळालं, एकीला मरे यांचं. आणि एका छोट्या जातीला त्यांनी नाव दिलं ‘इन्सर्टा’, म्हणजे अनिश्चित. ती कुठे बसवावी याची शंका त्यांनी नावातच नोंदवून ठेवली. अभ्यासकाचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पंचवीस वर्षांनी, १९०३ साली, अमेरिकेतल्या विल्यम हीली डॉल यांनी या जातीसाठी नवी प्रजाती केली: क्लिडोनोफोरा. (वर्तमानपत्रांत जातीलाही ‘प्रजाती’ म्हणतात, मी पाठ्यपुस्तकांप्रमाणे जाती आणि तिच्या वरची पायरी प्रजाती असंच लिहितो आहे.) या प्राण्याचं वैशिष्ट्य त्याच्या देठात आहे. खोल तळावर दगड दुर्मिळ, सगळीकडे मऊ गाळ. तोही बराचसा ग्लोबिजेरिनासारख्या एकपेशीय जीवांच्या सूक्ष्म कवचांचा बनलेला. तिथे एकाच जाड देठाने धरायचं कशाला? क्लिडोनोफोराचा देठ टोकाशी फुटून बारीक तंतूंचा होतो आणि ते तंतू गाळातल्या कणांना धरतात.

आपल्या हिंदी महासागरात याच प्रजातीची दुसरी जात आहे. १८९८-९९ सालच्या व्हाल्डिव्हिया या जर्मन मोहिमेत ती मिळाली. फ्रीडरिश ब्लॉखमान यांनी तिचं वर्णन केलं आणि मोहिमेचे नेते कार्ल कून यांच्या सन्मानार्थ नाव ठेवलं: क्लिडोनोफोरा कुनी.

पुढचा धागा थेट अरबी समुद्रात येतो. जॉन मरे यांनी ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणीतून बराच पैसा मिळवला होता. त्यांनी मागे ठेवलेल्या रकमेतून १९३३-३४ साली ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून एक मोहीम निघाली. नेतृत्व सेमूर सिवेल यांचं, जे आधी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक होते. त्या मोहिमेतल्या ब्रॅकिओपॉडवरचा अहवाल लंडनच्या हेलन म्यूर-वुड यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला, आणि क्लिडोनोफोराच्या कुळाला आज जे नाव आहे, क्लिडोनोफोरिडी, त्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं.

म्हणजे आता आपल्या प्राण्याचा पूर्ण पत्ता असा: संघ ब्रॅकिओपोडा, वर्ग ऱ्हिंकोनेलाटा, गण टेरेब्रॅट्युलिडा, कुल क्लिडोनोफोरिडी, प्रजाती क्लिडोनोफोरा, जाती कुनी. मधल्या उपसंघ-अधिकुलाच्या पायऱ्या मी गाळल्या आहेत. एका प्राण्याचा हा पत्ता तयार व्हायला जर्मन, अमेरिकन आणि ब्रिटिश अभ्यासकांची मिळून पन्नासेक वर्षं गेली.

कंसातलं नाव

शास्त्रीय यादीत पहिली जात अशी लिहिलेली दिसेल: क्लिडोनोफोरा इन्सर्टा (डेव्हिडसन, १८७८). हा कंस सजावटीचा नाही. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला तो चटकन कळेल. सातबाऱ्यावर जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते असतं आणि मालकी कशी बदलत आली याचे फेरफार क्रमांकही असतात. कंस हा फेरफाराची खूण आहे. तो सांगतो की ‘इन्सर्टा’ हे नाव डेव्हिडसन यांनी १८७८ साली दिलं, पण तेव्हा जाती वेगळ्या प्रजातीत होती. कंस नसता तर अर्थ झाला असता की मूळ लेखकाने ठेवली तिथेच ती आजही आहे.

प्राण्यांच्या नावांचा कायदा म्हणजे प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिचा गाभा साधा आहे. लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून पुढची नावं मोजायची. एकाच जातीला दोघांनी नाव दिलं असेल तर सर्वसाधारणपणे आधी दिलेलं नाव चालतं. दोन प्रजातींना एकच नाव असता कामा नये. आणि प्रत्येक जातीच्या नावामागे एक प्रत्यक्ष नमुना हवा, ज्याला सर्वसाधारणपणे होलोटाइप म्हणतात.

होलोटाइप ही कल्पना नीट समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. नाव वर्णनाला चिकटलेलं नसतं, चित्राला नसतं, लेखकाच्या मतालाही नसतं. ते एका विशिष्ट शिंपल्याला चिकटलेलं असतं, जो एका विशिष्ट संग्रहालयात एका विशिष्ट क्रमांकाने ठेवलेला असतो. लेखकाने वर्णन अपुरं केलं असेल, नातं चुकीचं सांगितलं असेल, तरी शंभर वर्षांनी कुणीही जाऊन तो नमुना पुन्हा पाहू शकतो.

आणखी एक नियम लोकांना विचित्र वाटतो: नाव अर्थाने चुकीचं ठरलं म्हणून बदलता येत नाही. क्लिडोनोफोरा इन्सर्टाची जागा बऱ्यापैकी ठरली, तरी ती ‘अनिश्चित’च राहणार. कच्छचं उदाहरण तर आपल्या जवळचं आहे. तिथल्या ज्युरासिक खडकांतल्या ब्रॅकिओपॉडवर एफ. एल. किचिन यांनी १९०० साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यांवर पुढे काम करताना एस. एस. बकमन यांनी १९१८ साली दोन प्रजातींना कच्छचं नाव दिलं, कच्छिथायरिस आणि कच्छिऱ्हिंकिया. नंतर इंग्लंडच्या ज्युरासिक खडकांतल्या काही जातीही कच्छिऱ्हिंकियात गेल्या. इंग्लंडच्या मातीतला जीवाश्म कच्छचं नाव लावून फिरतो, आणि संहितेच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नाही. नावाचं काम ओळख पटवणं एवढंच.

जागा बदलली, नाव नाही. नाव बदललं, जागा नाही

आता सुरुवातीला म्हटलेला फरक उदाहरणांनी पाहू.

जुन्या पुस्तकांत ब्रॅकिओपॉडचे दोन भाग असत. बिजागरीत दात आणि खोबणी असलेले ते आर्टिक्युलाटा, नसलेले ते इनआर्टिक्युलाटा. आपल्याकडच्या कित्येक नोट्समध्ये अजून हेच चालतं. लिंग्युला दुसऱ्या भागात. क्रॅनिया नावाचा गट मात्र अडचणीचा होता. त्याच्या बिजागरीत दात नाहीत, म्हणून तो लिंग्युलाबरोबर. पण लिंग्युलाचं कवच कॅल्शियम फॉस्फेटचं, आणि क्रॅनियाचं चुनखडीचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. तेही देठ नसलेलं, सरळ दगडाला चिकटलेलं. १९९६ साली अल्विन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी संघाची नवी मांडणी केली आणि तीन उपसंघ केले: लिंग्युलिफॉर्मिया, क्रॅनिफॉर्मिया, ऱ्हिंकोनेलिफॉर्मिया. क्रॅनियाच्या गटाला स्वतःचं घर मिळालं. संघाच्या रचनेतला हा मोठा बदल होता, पण एकाही जातीचं नाव त्यामुळे बदललं नाही. वरच्या पायऱ्या हलवायला नावाच्या नियमांची आडकाठी नसते.

आता याच गटाची उलटी गोष्ट. म्युलर यांनी १७७६ मध्ये गोगलगाय समजून पटेला अॅनोमाला म्हटलेली जात नंतर क्रॅनिया प्रजातीत आली. १९८६ साली ली आणि ब्रंटन यांना वाटलं की मूळ क्रॅनिया ही जीवाश्मांची प्रजाती आहे आणि आजच्या जिवंत जाती तिच्याहून पुरेशा वेगळ्या आहेत. त्यांनी नवी प्रजाती केली, निओक्रॅनिया. पण ते नाव आठ वर्षं आधीच वापरलं गेलं होतं. १९७८ साली डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या पतंगाच्या प्रजातीला निओक्रॅनिया म्हटलं होतं. पतंगाचा अभ्यासक आणि ब्रॅकिओपॉडचा अभ्यासक एकमेकांचे लेख कशाला वाचतील? पण संहितेच्या लेखी दोघेही प्राणीच. एका नावाच्या दोन प्रजाती चालत नाहीत, आणि हक्क आधीच्याचा. म्हणून २००१ साली ली आणि ब्रंटन यांनी ब्रॅकिओपॉडचं नाव नोव्होक्रॅनिया केलं. या बदलात प्राण्याबद्दल नवीन काहीच कळलं नव्हतं. त्याची जागा, त्याचे नातेवाईक, त्याचं कवच, सगळं जिथल्या तिथे.

तिसऱ्या प्रकारात दोन्ही कामं एकमेकांत गुंततात. द्विनाम पद्धतीत पहिला शब्द प्रजातीचा असल्यामुळे जाती एका प्रजातीतून दुसरीत गेली की नाव बदलणारच. विल्यम किंग यांनी १८६८ साली खोल अटलांटिकमधल्या एका चपट्या, नखापेक्षा लहान ब्रॅकिओपॉडला डिसिना अटलांटिका म्हटलं. डॉल यांनी १९०८ साली पेलागोडिस्कस ही प्रजाती केली आणि ती जात तिथे गेली. डिसिना व्याकरणात स्त्रीलिंगी, पेलागोडिस्कस पुल्लिंगी. मराठीत विशेषण जसं नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं तसंच इथेही, म्हणून अटलांटिकाचं अटलांटिकस झालं. आज ते पेलागोडिस्कस अटलांटिकस (किंग, १८६८) असं लिहितात. कंसावरून फेरफार झाल्याचं कळतंच.

जाती वेगळी आहे हे ठरतं कसं

हा सगळ्यात अवघड भाग, आणि इथे नियम मदतीला येत नाहीत. संहिता सांगते नाव कसं द्यायचं. जात वेगळी आहे की नाही हे ती सांगत नाही.

खोल समुद्रातून येतात ते हातच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने. त्यातले काही रिकामे शिंपले, काही जाळ्यात फुटलेले. कवच अनेकदा इतकं पातळ की प्रकाश आरपार दिसावा. बाहेरच्या आकारावर फार विसंबता येत नाही, कारण दाटीत वाढलेला आणि मोकळ्यात वाढलेला असे एकाच जातीचे दोन प्राणी वेगळे दिसतात. म्हणून अभ्यासक आतला सांगाडा पाहतात. टेरेब्रॅट्युलिडा गणात पाठीकडच्या झाकणाच्या आतून चुनखडीचा एक नाजूक फास निघतो आणि लोफोफोरला आधार देतो. तो फास आखूड की लांब, त्याचे फाटे एकमेकांना जोडलेले की सुटे, यावर प्रजाती आणि कुळंसुद्धा ठरतात. तो पाहण्यासाठी मांसल भाग ब्लीचसारख्या द्रावणात विरघळवून काढायचा आणि मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. हात जरा हलला की फास मोडतो. हल्ली मायक्रो-सीटी स्कॅनमुळे नमुना न फोडता आत पाहता येतं, आणि एकुलत्या एका नमुन्यावर काम करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे.

पण फासातही फसगत आहे. टेरेब्रॅट्युलिना नावाच्या प्रजातीत मोठ्या प्राण्याच्या फासाचे फाटे जुळून एक कडं तयार होतं. क्लिडोनोफोरा आणि त्याच्या कुळातल्या युकॅलॅथिसमध्ये ते सुटेच राहतात. आणि टेरेब्रॅट्युलिनाच्या पिल्लांमध्येही ते आधी सुटेच असतात. म्हणजे चार मिलिमीटरचा एक शिंपला हातात आहे आणि फाटे सुटे आहेत, तर तो युकॅलॅथिसचा प्रौढ आहे की टेरेब्रॅट्युलिनाचं पिल्लू? एका नमुन्यावर उत्तर मिळत नाही. लहानापासून मोठ्यापर्यंतची मालिका लागते. नवी जात जाहीर करणारा शोधनिबंध वाचताना मी आधी नमुन्यांची संख्या आणि मापांचा तक्ता पाहतो, छायाचित्रं नंतर.

खोलीचाही विचार करावा लागतो. फार खोल गेल्यावर पाणी चुनखडीचं कवच विरघळवू लागतं. महासागरांत ही मर्यादा साधारण ४,००० ते ५,००० मीटरच्या आसपास येते. तिच्या खाली चुनखडीचं कवच घेऊन जगणं कठीण. पेलागोडिस्कसचं कवच फॉस्फेटचं आणि सेंद्रिय पदार्थांचं, म्हणून तो अतिखोल तळावरही सापडतो. शिवाय त्याच्या अळ्या पाण्यात तरंगत अन्न खातात, त्यामुळे त्या दूरवर वाहत जाऊ शकतात. क्लिडोनोफोरासारख्यांच्या अळ्या खात नाहीत, थोडा वेळ पोहून तळ गाठतात. म्हणून जगभरच्या महासागरांतून आलेले पेलागोडिस्कस एकाच जातीचे म्हणणं पटू शकतं. पण दिसायला सारखे असणं आणि एकाच जातीचे असणं यात अंतर असतं, ते डीएनए तपासल्याशिवाय मिटत नाही. त्यासाठी नमुना पकडल्याबरोबर अल्कोहोलमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो, आणि जुन्या संग्रहांत फॉर्मॅलिनचाच वापर जास्त झाला आहे.

आपल्या समुद्रातून उद्या नवा आला तर

हा प्रश्न कल्पनेतला राहिलेला नाही. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू गोटे, म्हणजे तळावर पडलेले धातुयुक्त गोळे, शोधण्याचा हक्क भारताकडे आहे. २०२१ साली केंद्राने डीप ओशन मिशनला मंजुरी दिली, आणि तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेण्यासाठीची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी त्याच मोहिमेचा भाग आहे. उद्या खरंच तळ खरवडून गोटे काढायचे ठरले तर तिथे काय राहतं याची यादी आधी हवी. ब्रॅकिओपॉड टणक आधार शोधतात, आणि गाळाच्या त्या मैदानात टणक आधार म्हणजे बरेचदा हेच गोटे. नाव नसलेल्या जातीचा हिशेब कुठल्याही पर्यावरण अहवालात लागत नाही, म्हणून नामकरणाचं हे काम घाईचं आहे.

समजा एका मोहिमेत अनोळखी शिंपला आला. आधी जुनं सगळं वाचायचं. हे काम नाशिकला घरी बसूनही होतं. चॅलेंजरचे अहवाल स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवलेले आहेत आणि समुद्री जातींची ‘वर्म्स’ ही जागतिक यादी मोबाइलवर उघडते. हिंदी महासागरातल्या ब्रॅकिओपॉडवर जी. आर्थर कूपर यांनी १९७३ आणि १९८१ साली लिहिलं आहे, तेही पाहायलाच हवं. नंतर शंका असलेल्या जातींचे मूळ होलोटाइप पाहायचे. चॅलेंजरचे ब्रॅकिओपॉड लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. इतकं करूनही जुळलं नाही, तर नवं नाव.

नाव निवडायला बरंच स्वातंत्र्य आहे. पुरुषाच्या सन्मानार्थ शेवटी ‘ई’, स्त्रीच्या असेल तर ‘ए’, ठिकाणावरून असेल तर बहुधा ‘एन्सिस’. ठिकाणाचं नाव वनस्पतींनाही देतात. आपल्या अंजनेरीच्या डोंगरावरून वर्णन झालेलं कंदीलपुष्प सेरोपेजिया अंजनेरिका हे नाव घेऊन जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत गेलं आहे, आणि त्याचा प्रत्येक नाशिककराला अभिमान वाटावा. वनस्पतींची संहिता वेगळी आहे, पण नमुन्याची अट तिथेही आहेच. खोल समुद्रातल्या प्राण्याला कुणी ‘नाशिकेन्सिस’ म्हटलं तर संहिता अडवणार नाही. मला विचाराल तर ते करू नये. जिथे प्राणी राहतो तिथलं नाव पुढच्या शोधकाला उपयोगी पडतं.

मग लेख. त्यात ही नवी जात आहे असं स्पष्ट म्हणायचं, होलोटाइप कोणता आणि तो कुठल्या संस्थेत ठेवला ते लिहायचं. २०१२ पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातलं नावही चालतं, पण त्या लेखाची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते. भारतात आणखी एक बंधन आहे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती शासनाने नेमलेल्या भांडाराला कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांसाठी जुनं ठिकाण म्हणजे १९१६ साली स्थापन झालेला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग, मुख्यालय कोलकात्यात, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात. खोल समुद्रातल्या प्राण्यांसाठी कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्रात ‘भवसागर’ हे संदर्भ केंद्र आहे.

लेख छापून आला की नाव ‘उपलब्ध’ होतं, म्हणजे नियमांत बसतं. ते ‘मान्य’ झालं असं नव्हे. दहा वर्षांनी कुणी वाढीची पूर्ण मालिका गोळा करून दाखवेल की तुमची जात म्हणजे जुन्याच एका जातीचं पिल्लू होतं. मग तुमचं नाव समानार्थी नावांच्या यादीत जातं. पण ते पुसलं जात नाही, आणि होलोटाइपही संग्रहालयातून हलत नाही. पुढे डीएनएने ती जात पुन्हा वेगळी ठरवली तर दुसरं नाव द्यायला मुभा नसते. तुमचंच नाव, तुमच्याच सालासह, परत वापरात येतं.